मीठ बंद

गणपती उठले आणि काळूरामला बांधाचा भलताच पुळका आला. खाडी आणि मिठाचा आगर यांच्या मधल्या मातीच्या बांधावरून तो सकाळी निघायचा, चाळीस-पन्नास पावलं टाकायचा आणि थांबायचा. वाकून चिंबोरीचं, खेकड्याचं, एखादं बीळ बघायचा, काठीनं माती टोकरायचा, मान हलवायचा. मग पुन्हा चाळीस पावलं आणि पुन्हा एक बीळ. शेजारच्या आगरातला चांगदेव लांबून हे सगळं बघत असे. तीस वर्षं दोघांचे आगर बांधाला बांध लागून. पण काळूरामनं बिळं मोजलेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

"साठी उलटली आन् काल्याला अक्कल आयली," असं तो पारावर सांगत सुटला.

अक्कल कसली, डाव्या पायाची पोटरी धरत होती. चाळीस पावलांवर कोणीतरी आतून पिळून धरावी तशी धरायची. उभं राहिलं की दोन मिनिटांत सुटायची. चाललं की पुन्हा धरायची. आता साठीच्या माणसानं, ज्यानं उभा जन्म मिठाच्या वाफ्यात काढला, त्यानं पोटरीची तक्रार कोणाकडे करायची? काळूरामनं चिंबोऱ्यांची बिळं पत्करली.

सोनूबाईला मात्र बिळं दाखवून चालण्यासारखं नव्हतं. घरापासून विहिरीपर्यंत नवरा तीनदा थांबला, हे तिनं ओट्यावरून मोजलं. विहिरीच्या वाटेवर चिंबोऱ्या नसतात.

"पायाला काय झालाय?"

"काय नाय. शीर चरली."

शीर चढली की त्या घरात एकच औषध. तव्यावर जाडं मीठ तापवायचं, फडक्यात बांधायचं आणि त्या पुरचुंडीनं शेकायचं. सोनूबाईनं मन लावून शेकलं. पोटरी शेकली, घोटा शेकला, पाऊल शेकलं. "लागतंय का?" तिनं विचारलं. "अजून गरम कर," काळूराम म्हणाला, कारण त्याला काही लागतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी डाव्या अंगठ्यावर बोराएवढा फोड होता. फोड फुटला, जखम झाली, आणि ती जखम दसरा उलटला तरी भरेना. कडेनं काळी पडायला लागली तेव्हा सोनूबाई मुलगा केतनला म्हणाली, "मीच जालला रं त्याचा पाय." केतन न्हावाशेवा बंदरावर ट्रेलर चालवायचा. त्यानं त्या दिवशीची फेरी सोडली आणि बापाला गाडीत घालून नवी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथली डॉक्टरीण मृणाली, असेल पस्तिशीची. तिनं जखमेकडे नंतर पाहिलं. आधी पावलावर दोन बोटं ठेवून ती डोळे मिटून बसली, जणू पाऊल काही सांगणार होतं. मग पेनासारखं एक यंत्र उजव्या पावलाला लावलं. त्यातून शू-शू असा आवाज आला, होडीखालून पाणी जावं तसा. डाव्या पावलाला लावलं तर यंत्र मुकं.

"मांडीतली रक्तवाहिनी बंद झालीय, काका. खाली रक्तच पोचत नाही. पाऊल उपाशी आहे, म्हणून जखम भरत नाही. बिडी किती वर्षांची?"

"बिरी? ती बारक्यापनापासून."

"आधी जांघेतून बारीक नळी घालून बघू. वाट मिळाली तर फुगा फुगवून वाहिनी रुंद करायची आणि आत जाळी बसवायची. नाही मिळाली तर ऑपरेशन."

"आन् काय केला नाय त?"

"पाय जाईल."

काळूरामला ती बाई आवडली. आडवळणाचं बोलणाऱ्यांचा त्याला कंटाळा होता.

नळी घातली तेव्हा तो जागाच होता. जांघेत सुई टोचून तेवढीच जागा बधिर केलेली, खोली गारठलेली, अंगावर मागून उघडा झगा. त्या झग्याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. जन्मभर लंगोटीवर मीठ ओढलं, पण ते आपल्या मर्जीनं. समोरच्या पडद्यावर त्याचा स्वतःचा पाय दिसत होता आणि पायात काळी रेघ धावत होती. कमरेपाशी एका जागी रेघ बारीक होती. तिथं फुगा फुगला, जाळी बसली, आणि रेघ डोळ्यांदेखत जाड झाली. काळूराम खूश झाला. पण खाली मांडीत रेघ एकदम संपत होती आणि वीतभर खाली कुठंतरी धूसर होऊन पुन्हा सुरू होत होती. डॉक्टरीण तार पुढं ढकलत होती, मागं घेत होती. अर्धा तास गेला.

"गाल बसलाय का, बाय?" काळूरामनं पडल्या पडल्या विचारलं.

"गाळच समजा. वीतभर आहे आणि दगडासारखा झालाय."

"मंग त्यो उपसत बसू नको. आमी बाजून नवा पाट काढताव."

तोंडावरच्या पट्टीमागं ती हसली. "आम्हीही तेच करतो, काका."

चार दिवसांनी तिनं तेच केलं. त्याच्याच पायातली वरची एक शीर काढली आणि बंद पडलेल्या वाहिनीला वळसा घालून वर-खाली जोडली. ऑपरेशनला पाच तास लागले. काळूराम शुद्धीवर आला तेव्हा पायाशी सोनूबाई बसली होती आणि तिनं डावं पाऊल दोन्ही हातांत धरलं होतं.

"गरम हाय," ती म्हणाली, आणि मग इतके दिवस आवरून धरलेलं सगळं रडून घेतलं. फोडाचा दोष तिनं स्वतःवर घेतलेला, तो त्या गरम पावलानं थोडा उतरला.

तिसऱ्या दिवशी त्याला उभं केलं, चौथ्या दिवशी चालवलं. जांघेपासून गुडघ्याखालपर्यंत टाक्यांची रांग होती. पाय सुजून दुधीसारखा झाला होता. नर्स म्हणे, सूज उतरेल, चाला. दार ते खिडकी, खिडकी ते दार. तो दात आवळून चालला आणि टाके दुखले. पोटरी मात्र धरली नाही.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीण घाईत आली. केतन फाईल घेऊन उभा होता. तिनं बोटावर मोजून सांगितलं, "बिडी बंद. मीठ बंद. बुटाशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि रोज चालायचं, अर्धा तास तरी. यातलं काही मोडलंत, तर मी केलेलं सगळं वाया."

काळूरामनं ते आपल्या बोटांवर पुन्हा मोजलं. मग त्यानं एकच विचारलं, "मीठ अख्खा बंद?"

"बंद म्हणजे बंद, काका. पाय हवा ना तुम्हाला?"

आता या गावात मीठ या शब्दाला काय अर्थ आहे, हे त्या बिचारीला कोण सांगणार. तिथं कोणी 'माझं मिठागर आहे' म्हणत नाही, 'माझा मीठ हाय' म्हणतात. 'मीठ कसा हाय यंदा?' हा कामाधंद्याचा प्रश्न असतो, आमटीचा नव्हे. म्हातारा झाला की माणूस 'मीठ सोडतो'. जेवणात टाकायचं ते घरोघरी डब्यात पडलेलं असतं. ते बंद करायला इस्पितळात जावं लागतं, असं काळूरामच्या डोक्यात कधी येणंच शक्य नव्हतं. बिडी बंद, मीठ बंद, बूट घाला. ओळीनं तीन आज्ञा आणि बिडी वगळली तर दोन्हींचा रोख त्याच्या कामाकडे. त्याला त्यात कोडं काहीच दिसलं नाही.

 घरी आल्यावर काळूराम ओट्यावर बसला आणि सोनूबाईला म्हणाला, "डॉक्टर बोल्ली, मीठ बंद करा. नायतर पाय जाल."

सोनूबाईनं केतनकडे पाहिलं. केतन उंबऱ्यात उभा होता. तो काहीतरी बोलेल असं वाटलं. मग तो म्हणाला, "बरोबर हाय तिचा."

दिवाळीच्या पाडव्याला काळूरामनं चांगदेवला घरी बोलावलं आणि चहा पाजला. "यंदापासून माझा मीठ तू कर," असं सांगितलं. चांगदेव चेष्टेखोर माणूस, पण त्या दिवशी त्याला चेष्टा सुचली नाही. बापाच्या हातचे सहा वाफे होते ते. "काल्या, ईचार कर," तो म्हणाला.

"केलाय. पाय पायजे मना."

त्यानंतरचे सहा आठवडे काळूराम शहाण्यासारखा वागला. बिडी सुटली. पायात पांढरे बूट आले. गावातली पोरं हसली, त्यानं हसू दिलं. रोज सकाळी तो डांबरी रस्त्यानं चालायचा, खाडीकडे पाठ करून. त्या बाजूला वारा आला की आगरातल्या चिखलाचा वास यायचा आणि तो पावलं उचलायचा. पाय सुधारत होता. सूज ओसरली, अंगठ्याची जखम कडेनं गुलाबी होत आत भरत आली. आणि माणूस मात्र सुकत चालला. आगर गेला, बिडी गेली, निदान जिभेला तरी काही हवं, म्हणून तो रोज सुके बोंबील मागायचा. दुपारी भाजलेले, रात्री कालवणात.

"आये, सुका नको देव त्याला," केतन एकदा म्हणाला.

"आता ता बी बंद?" काळूरामनं ताटावरून वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत असं काही होतं की केतननं मान खाली घातली आणि जेवायला लागला.

डिसेंबरात तपासणीला गेले. डॉक्टरीण अंगठा बघून खूश झाली. तिनं पेनासारखं यंत्र डाव्या पावलाला लावलं आणि शू-शू आवाज खोलीभर झाला. काळूराम ऐकत राहिला. मग तिनं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, इतकं प्रेशर? मीठ बंद केलं ना?"

"केला. दिवालीच्या पारव्यालाच केला."

"मग असं कसं?"

"आता ता मी काय सांगू? चांगदेवाला देऊन टाकला. आता परत तिकरं बघत पन नाय."

"काय देऊन टाकलंत?"

"मीठ. सहाच्या सहा वाफे."

तिनं पेन खाली ठेवलं. "तुमचं मिठागर आहे?"

"व्हता."

तिला आधी हसू आलं. मग तिनं समोरच्या माणसाचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं. "काका, मी जेवणातलं मीठ म्हणाले होते. लोणचं, पापड, सुकी मासळी. त्यानं रक्तदाब वाढतो. मिठागर बंद करा असं मी कशाला म्हणीन?"

"खावाचा मीठ?"

"खायचं. आगरात जा की खुशाल. बांधावरून चाला, तुम्हाला चालणंच औषध आहे. फक्त त्या खाऱ्या पाण्यात, चिखलात अनवाणी पाऊल घालायचं नाही. ते आयुष्यात कधीच नाही. बारीक जखम झाली तरी परत तेच. बाकीचं..." ती केतनकडे वळली. "मी फाईलमध्ये लिहून दिलं होतं. आहारात मीठ कमी. तुम्ही वाचलं नाही?"

केतन भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत होता.

गाडी पनवेल सोडून पुढं निघाली तेव्हा काळूराम म्हणाला, "तुना ठावा व्हता."

"व्हय."

पुढचे दोन नाके मागं पडले. मग केतनच बोलायला लागला, रस्त्यावरची नजर न काढता. "तुना भूल दिल्यावर त्यांनी माझी सही घेतली. कागदावर लिवलेला, की पाय वाचला नाय त कापावा लागल. मना मोठ्यान वाचून दाखवला. मी सही केली. तू आत, आय बाहेर देवाचा नाव घेते, आन् मी तुझा पाय कापाला व्हय बोललेला मानूस. मंग तू घरी येऊन बोल्लास, मीठ बंद. मना वाटला, बरा झाला. आता चिखलान जायाचा नाय, पाय र्‍हाईल. मी गप बसलो."

काळूराम खिडकीबाहेर बघत राहिला. राग होता, आणि त्याच्या खाली त्या सहीचा कागद होता. दोन्ही एकदम गिळता येईनात.

घरी तो उतरलाच नाही. गाडी खाडीच्या रस्त्याला घ्यायला लावली आणि बूट घालून बांधावर चढला. दोन महिन्यांनी आगर बघत होता. पावसाचं पाणी कधीच काढून झालं होतं. चांगदेव गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून, कमरेवर हात ठेवून उभा होता. काळूरामनं त्याला सगळं सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं.

चांगदेव इतका हसला की त्याला बांधावर बसावं लागलं. "जल्ला, बोंबील खाल्लंस आन् आगर सोरलास!" मग डोळे पुसून तो गंभीर झाला. "पन काल्या, चार वाफे तुरवून झाले माझे."

हे काळूरामला दिसतच होतं. मीठ धरायच्या आधी वाफ्याची जमीन अनवाणी पायांनी तुडवून बसवावी लागते. टाचेला बोट लावत, एक तसू न सोडता, एकेका वाफ्यात तासन् तास. शेणानं सारवलेल्या खळ्यासारखी गुळगुळीत होईपर्यंत. यंत्रानं ते होत नाही, बुटानं तर नाहीच, जमीन फुटते. आणि खाडीकाठची पूर्वापारची रीत अशी, की ज्याच्या पायांनी वाफा बसला, त्या साली त्यातलं मीठ त्याचं. त्यावर कोणी भांडत नाही.

"चार तुझे," काळूराम म्हणाला. "पुढल्या साली बघू."

"दोन उरलेत. ते तू घे. माझ्या पायाचा ठसा नाय त्यांच्यान. पन परवा उधानाची भरती. पानी घेवाचा त उद्या सांजपर्यंत तुरवून व्हाया पायजेत. नायतर जमीन तरकली, गेला साल." त्यानं काळूरामच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं.

काळूराम बांधावर बसला. दोन वाफे. पाय आता गरम होता, जिवंत होता, अर्धा तास न थांबता चालत होता. दोन दिवसांत काय बिघडणार होतं? त्यानं डाव्या बुटाची नाडी सोडली.

"बाबा, नाडी बांध."

केतन मागं उभा होता.

"दोन वाफे हायत."

"नाडी बांध बोल्लो ना."

केतननं आपले बूट काढले, मोजे काढून त्यात कोंबले आणि जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडली. दहावीच्या वर्षी या चिखलातून तो जो बाहेर पडला होता, तो पाय कुजतात म्हणून. पुन्हा उतरणार नाही असं त्यानं आईजवळ शपथेवर सांगितलं होतं. आता उतरला. थंडीचा चिखल, वर दुपारचं ऊन. पहिल्याच पावलाला त्याचा चेहरा वाकडा झाला.

"पाऊल लांब नको टाकू," काळूराम बांधावरून म्हणाला. "ट्रेलर नाय त्यो. टाच बोटाला लाव."

"लावली."

"उचलून आपटू नको. दाब. अंग सोर त्याच्यावर."

केतन वाफ्यात चालत होता आणि काळूराम त्याच्या बरोबरीनं बांधावर. इकडून तिकडं, तिकडून इकडं. मधेच काठीनं एखादी सुटलेली जागा दाखवायचा. "ता बघ, मऊ हाय. परत ये." केतन परत यायचा. चांगदेवनं आपलं काम सोडून बिडी पेटवली आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊन बसला, काळूरामला धूर लागू नये म्हणून. एवढं त्याला कळत होतं.

अंधार पडेपर्यंत एक वाफा झाला. केतनला पाऊल टेकवेना. दुसऱ्या दिवशी त्यानं बंदरावर फोन करून फेरी नको म्हणून सांगितलं आणि सात वाजता तो बापाच्या आधी बांधावर होता. सोनूबाईनं दोघांचा एकच डबा दिला, अळणी. केतननं पहिला घास घेतला, बापाकडे पाहिलं आणि दुसरा घास घेतला.

दुपार कलल्यावर चांगदेव म्हणाला, "काल्या, तू कवाचा चालतंस?"

"का?"

"सकालधरना येकदा बसला नायस. बिलां पन बघितली नायस."

काळूराम उभा राहिला. त्यानं पोटरीला हात लावला. पोटरी मऊ होती, काहीच म्हणत नव्हती. सकाळपासून तिची आठवणच झाली नव्हती. त्याला एवढा आनंद झाला की तो चांगदेवला म्हणाला, "तू आपला काम बघ."

सांजेला दुसरा वाफा बसला. काळूरामनं काठीचं टोक जागोजाग टेकवून पाहिलं, कुठं रुतलं नाही. तिसऱ्या दिवशी उधाणाची भरती आली. खाडी बांधाच्या कानाला लागली. पाटातून पाणी वाफ्याच्या तोंडाशी येऊन थांबलं. तिथं मातीचा एक लहान आडवा बंधारा होता, फावड्यानं तो कापला की पाणी आत.

केतननं फावडं बापापुढं धरलं. "पानी सोर."

काळूरामनं फावडं घेतलं, पण मारलं नाही. तीन दिवस जे आत होतं ते त्यानं आता काढलं.

"मना सांगाला पायजे व्हता."

"सांगला असता त तू मीठ सोरला नसतास. चिखलान उतरला असतास."

"सोरला ना मी?" काळूरामचा आवाज चढला नाही. "पाय जाल बोल्ले, त मी बापाचा मीठ येका दिसान सोरला. कोनी धरून सोरवला नाय. चांगदेवाला घरी बोलवून दिला. ता तू बघितलास. मंग खावाचा मीठ मी सोरला नसता? बूट घातला नसता? मी घातलाच ना?"

केतन खाली बसून बंधाऱ्याची माती हातानं चाचपायला लागला.

"सही केलीस ता बरा केलास. मी शुद्धीवर नवतो. पन शुद्धीवर आल्यावर पाय माझा."

"व्हय," केतन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि हात चिखलाचे होते, म्हणून ते पुसता येत नव्हते. "चुकला माझा."

काळूरामनं फावडं त्याच्या हातात परत दिलं.

"तुरवलंस तू. मीठ तुझा. पानी तू सोर, मी सांगतो किती."

केतननं माती कापली. पाणी दोन पायांच्या ठशांवरून हळूहळू आत पसरायला लागलं, आणि काळूराम बूट सांभाळत बांधावरून पाण्याच्या पुढं पुढं चालत गेला.